खणू नका, झाका: सेलूच्या परसबागेसाठी

परसबागेची हौस मराठवाड्यात कमी नाही. कमी पडते ते तिचे आयुष्य. मृगाचा पाऊस झाला की अंगणाचा एक कोपरा खणला जातो, भेंडी-गवारीचे बी टोकले जाते, पोळ्यापर्यंत तण गुडघ्याला लागते आणि होळीच्या सुमारास पाणी जपून वापरायची वेळ आली की वाफ्याच्या जागी भेगाळलेली ढेकळे उरतात. पुढच्या वर्षी पुन्हा कुदळ हाती घ्यायची इच्छा होत नाही. याचा दोष बहुतेक लोक स्वतःच्या आळसाला देतात, आणि मला ते मान्य नाही. बाग सुटते ती खणणे, खुरपणे आणि पाणी घालणे या तीन कामांच्या ओझ्याने, आणि ही तिन्ही कामे मुख्यतः एकाच कारणातून निघतात. ते कारण म्हणजे उघडी ठेवलेली माती. उघड्या मातीवर पावसाचे टपोरे थेंब आदळतात, वरचे कण विखरून खपली धरते, म्हणून ती पुन्हा फोडावी लागते. उघड्या मातीत उजेड पोचतो, म्हणून तणाचे बी उगवते. खणताना खाली गाडलेले बी वर येते आणि तण आणखी वाढते. उघड्या मातीवर ऊन पडते, म्हणून सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते. तीच माती पालापाचोळ्याने, भुस्कटाने बारा महिने झाकून ठेवली, तर तिन्ही कामांचा भार एकदम उतरतो. मग अवजारे म्हणून एक खुरपे, एक विळा, एक बादली, एक तांब्या आणि एक घमेले एवढे पुरते. फावडे एकदाच लागते, तेही शेजाऱ्याकडून मागून आणता येईल.

हे कुठल्याही गावाला लागू आहे, पण सेलूला जास्त लागू आहे, कारण इथली जमीन. दुधनेच्या खोऱ्यातली ही काळी, कापसाची माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत घसरते आणि पाऊस आला की फुगून आतली माती वर ढकलली जाते. काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते असे भूगोलाच्या पुस्तकांत लिहितात ते यामुळेच. जी जमीन दरवर्षी आपोआप हलते, ती परसात कुदळीने खणण्यासाठी घाम गाळायचे कारण नाही. उलट चुकीच्या वेळी खणले तर नुकसानच होते. ओली असताना ती पायाला आणि खुरप्याला चिकटते व घट्ट थापली जाते, वाळल्यावर दगडासारखी होते. काम करण्याजोगा वाफसा फार थोडे दिवस टिकतो. खरीप पेरणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असते. अंगणात बाग करणारी माणसे मात्र ते विसरतात, कारण ती रविवारच्या सुट्टीप्रमाणे खणतात.

काळ्या मातीची खरी अडचण आहे पावसाळ्यातले साचणारे पाणी. भाद्रपदात चार दिवस झड लागली की मुळांना हवा मिळत नाही, मिरची आणि वांगी पिवळी पडतात, आणि घरातले लोक खत कमी पडले असे समजून आणखी खत घालतात. यावरचा उपाय चांगला तपासलेला आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीवर १९७६ पासून दीर्घकालीन प्रयोग चालवला. त्यात रुंद वरंबा आणि त्याच्या बाजूने सरी अशी रचना कायम ठेवली, म्हणजे जादा पाणी सरीतून निघून जाते आणि वरंब्यावरच्या मातीवर कोणी चालत नाही. तिथले उत्पादन पारंपरिक पद्धतीच्या कितीतरी पट आले. त्यात सुधारित वाण, खते आणि आंतरपिके यांचाही वाटा होता, सगळे श्रेय वरंब्याला देणे बरोबर होणार नाही. पण परभणी जिल्ह्यात सोयाबीनसाठी बीबीएफ म्हणून जी पेरणी आता सर्वांना माहीत झाली आहे, तिचे तत्त्व हेच, आणि ते अंगणातही तितकेच चालते. सव्वातीन फूट रुंदीचा गादीवाफा करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पाय न पडलेली माती घट्ट होत नाही. ज्या मातीवर कोणी चालत नाही, ती खणायची गरज जवळजवळ संपते.

न नांगरता पीक येते का, हा प्रश्न जुन्या पिढीतले अनुभवी लोक विचारतील आणि त्यांनी विचारायलाच हवा. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात गादीवाफे एकदाच करायचे, नंतर नांगरणी, चिखलणी काहीच नाही, आणि कापणीनंतर पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. कुजलेल्या मुळांच्या जागी बारीक नळ्या उरतात, त्यांतून हवा आणि पाणी खाली जाते, गांडुळे वाढतात. भाताच्या कोकणातून ही कल्पना पुढे इतर पिकांकडे आणि इतर भागांकडे गेली. मात्र शेतावरच्या या पद्धतीत तणनाशकाचाही आधार घेतला जातो, त्यामुळे तिला पूर्ण सेंद्रिय म्हणता येणार नाही. परसबागेत तणनाशकाची जागा आच्छादन घेऊ शकते, कारण क्षेत्र लहान आहे. एकरभर जमीन चार इंच जाडीने झाकणे कुणालाही परवडणारे नाही. तीस चौरस फुटांचा वाफा झाकायला भुस्कटाची दोन-तीन पोती पुरतात. मोठ्या शेतीला न जमणारी गोष्ट लहान बागेला सहज जमते, आणि घरच्या बागेने आपला हा फायदा सोडू नये.

आता प्रत्यक्ष काम. मृगाच्या पहिल्या एक-दोन पावसांनंतर वाफसा आला की दहा फूट लांब, सव्वातीन फूट रुंद जागा आखा. तिथले गवत मुळासकट उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापून तिथेच पसरा. बाजूच्या पायवाटेची चार-पाच इंच माती फावड्याने ओढून या जागेवर टाका. वाफा उंच होतो आणि पायवाटेची आपोआप सरी होते. एवढेच काय ते कष्टाचे काम, आणि ते पुन्हा करावे लागत नाही. वर दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत पसरा. त्यावर किराणा दुकानातून मिळणारे पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्ट्या काढून, एकमेकांवर वीतभर चढतील असे अंथरा आणि बादलीभर पाण्याने भिजवा. पुठ्ठे नसतील तर वर्तमानपत्राचे आठ-दहा थर किंवा जुने तागाचे बारदान चालते. प्लास्टिकची पोती कधीही वापरू नका. उन्हाने त्यांचे धागे सुटतात आणि वर्षानुवर्षे मातीतून वेचत बसावे लागते. पुठ्ठ्यावर सहा इंच भुस्कट, पाचट किंवा वाळला पाला टाका. तो दोन महिन्यांत बसून निम्मा होतो, मग वरून भर घालायची. बी लावायचे तिथे आच्छादन मुठीएवढे बाजूला सारून, पुठ्ठ्याला खुरप्याने भोक पाडून, ओंजळभर शेणखत घालून दोन-तीन बिया टोकायच्या. रोप वीतभर झाले की पाला पुन्हा बुंध्याजवळ ओढायचा, पण बुंध्याला टेकवायचा नाही, नाहीतर तो कुजतो. ज्यांच्या अंगणात काळी माती नाहीच, नव्या प्लॉटवर मुरमाचा भराव आणि बांधकामाचा राडारोडा आहे, त्यांनी तर खणण्याच्या फंदात पडूच नये. वाफा वरच रचावा, फक्त बाहेरून आणलेली माती आणि शेणखत थोडे जास्त घालावे.

हरळी, कुंदा आणि लव्हाळा यांच्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. ही तणे पुठ्ठ्यातूनही डोके वर काढतात. पुठ्ठ्याचा थर दुहेरी करा आणि पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला दिसतील तेवढे कोंब खुरप्याने काढा. वर भोपळ्याचा वेल सोडला तर त्याच्या पानांच्या सावलीत लव्हाळ्याचा जोर कमी होतो. बाकीचे बियांपासून उगवणारे तण मात्र पहिल्याच वर्षी नगण्य होते.

झाकायला एवढा पाला आणायचा कुठून, हा प्रश्न सेलूत पडू नये. आजूबाजूचे शिवार कापूस, सोयाबीन आणि तुरीचे आहे. मळणीनंतर भुस्कटाचे ढीग बांधावर पडतात आणि पऱ्हाट्या, तुराट्या पेटवल्या जातात. याच वस्तूंतून खत करण्याचे जगभर गाजलेले काम काळ्या मातीवरच झाले आहे, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. १९२४ मध्ये इंदूरला सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, आणि १९३१ मध्ये त्यावर जे पुस्तक निघाले त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न कापसाच्या कडक पऱ्हाट्यांचाच होता. त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या जात, गोठ्यात जनावरांखाली अंथरल्या जात आणि मगच शेण, मूत्र, मातीबरोबर खड्ड्यात रचल्या जात. या पद्धतीने सेंद्रिय शेतीच्या जगभरच्या विचाराला पाया दिला. तरीही घरच्या बागेसाठी मी ती सुचवत नाही. खड्डा करा, ठरलेल्या दिवशी ढीग पालथा घाला, ओल राखा, तयार खत पुन्हा वाफ्यावर वाहून न्या, एवढे श्रम शेतावर मजूर असताना ठीक होते. पाला वाफ्यावरच पसरला तर तो तिथेच, सावकाश, खालून कुजत जातो आणि वाहतूक वाचते. वेळ जास्त लागतो, पण तो वेळ आपल्या कष्टाचा नसतो. स्वयंपाकघरातली साले, देठे, चहाचा चोथा यांच्यासाठीही वेगळा डबा नको. आच्छादन बाजूला करून ती पाल्याखाली सरकवली की ना वास येतो ना माश्या. शिजलेले, तेलकट अन्न मात्र घालू नका, त्याने उंदीर-घुशी येतात.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा की कोरडा, कडक पाला कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. पाला मातीत मिसळला तर असे होते. तो वरच पसरला तर ही ओढ फक्त वरच्या पातळ थरापुरती राहते, मुळे त्याखाली असतात. खबरदारी म्हणून भुस्कटाखाली शेणखताचा थर आणि महिन्यातून एकदा शेणकाला किंवा दहापट पाण्यात मिसळलेले गोमूत्र पुरेसे आहे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शेतातले भुस्कट फवारणीचे असते, मग बाग सेंद्रिय कशी? आपल्याच ओळखीच्या शेतातून, शेवटची फवारणी केव्हा झाली ते विचारून भुस्कट आणावे आणि ते पावसात चांगले भिजू द्यावे. शंका असेल तर एका कुंडीत ते मातीत मिसळून दहा-बारा मेथीदाणे पेरावेत. मेथी सरळ, हिरवी उगवली तर वापरावे. पाने आकसली, वाकडी झाली तर ते भुस्कट बागेत आणू नये. ही चाचणी आठ-दहा दिवसांत होते आणि फुकट होते. पऱ्हाट्या घेताना न उमललेली किडकी बोंडे काढून टाकावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते.

पाण्याचा हिशेब प्रत्येकाने एकदा मांडावा, म्हणजे भावनेच्या भरात उन्हाळी बाग लावली जात नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपला वाफा साधारण तीन चौरस मीटरचा. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास पाणी हवेत उडून जाऊ शकते, म्हणजे एका वाफ्याला रोज तीस लिटर. हिवाळ्यात हेच प्रमाण निम्म्याहून कमी होते, आणि माती झाकलेली असेल तर दोन-तीन दिवसांआड एक बादली पुरते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले होते. त्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पालक आणि टोमॅटो जगवण्याचा हट्ट मला योग्य वाटत नाही. माझे स्पष्ट मत असे की मार्चअखेर हंगामी भाज्या संपवाव्यात, वाफ्यावर पाल्याचा जाड थर द्यावा आणि मृगापर्यंत बागेला सुट्टी द्यावी. उन्हाळ्यात फक्त शेवगा, कढीपत्ता, तोंडली, अळू अशी बारमाही झाडे जगवावीत. त्यांना तांदूळ-डाळ-भाज्या धुतलेले पाणी आणि आंघोळीचे पाणी चालते. कपडे धुतलेले पाणी मात्र देऊ नका. धुण्याच्या पावडरीत सोड्याचे प्रमाण बरेच असते, आपली काळी माती मुळातच विम्लधर्मी, तिच्यात सोडियम साठत गेला की ती चोपण होते, आणि चोपण झालेली माती सुधारायला वर्षे लागतात. पाणी वाचवायचा आणखी एक सोपा उपाय म्हणजे वाफ्याच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा माठ. त्यात पाणी भरून झाकण ठेवले की ते आजूबाजूच्या मुळांना पाझरत राहते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात ही पद्धत नोंदलेली आहे. घरातला जुना माठ वापरणार असाल तर बोअरच्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात. तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती कापडाची वात बसवावी. आणि छताचे पाणी विसरू नका. पाचशे चौरस फुटांच्या छतावर आठशे मिलिमीटर पाऊस पडला तर ३५,००० लिटरांहून अधिक पाणी पडते. ते नालीत सोडण्याऐवजी बागेच्या सरीत वळवले तर निदान पावसाळ्यातल्या उघडिपीत वाफा तहानत नाही.

कष्ट वाचतात की वाढतात हे शेवटी पिकाच्या निवडीवर ठरते, आणि इथेच बहुतेक घरे फसतात. फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची या भाज्या बागेत दिसायला छान, पण त्यांना सतत खत, सतत पाणी आणि अळीपासून सतत राखण लागते. त्या बाजारातून आणाव्यात. परसात लावावे ते एकदा लावून वर्षानुवर्षे देणारे. शेवगा त्यात पहिला. पीकेएम-१ सारख्या वाणाचे बी लावले तर वर्षाच्या आत शेंगा येऊ शकतात, आणि शेंगा संपल्यावर दरवर्षी झाड तीन-चार फुटांवर छाटले तर ते हाताच्या टप्प्यात राहते. पाल्याची भाजी मिळते ती वेगळी. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, म्हणून पत्र्याच्या छताजवळ किंवा विजेच्या तारेखाली लावू नये. तोंडलीची पेन्सिलीएवढी कांडी कुंपणाला लावली की पुढची कित्येक वर्षे पाहावे लागत नाही. अळूला मोरीजवळची ओल पुरते. मृगात भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारले आणि अंबाडी. अंबाडी आपल्या भागाची खास, फारशी कीड नाही, शेंडे खुडले की पुन्हा फुटते. पावसाळ्यात लावलेले वांगे हिवाळा संपल्यावर उपटून टाकू नका, जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. पाऊस आला की तेच झाड पुन्हा धरते. दसऱ्यानंतर मेथी, कोथिंबीर, शेपू, चुका, पालक आणि करडईची कोवळी भाजी. मेथीदाणे, धने आणि मोहरी स्वयंपाकघराच्या डब्यातलीच चालतात; धने हलके रगडून दोन फाकी करा. पालेभाजीसाठी वाफ्याच्या एका टोकाला दोन फूट पट्टी आच्छादन काढून मोकळी ठेवा, दर पंधरा दिवसांनी थोडे-थोडे पेरा आणि उगवण झाली की ओळींमध्ये बारीक भुस्कट शिंपडा. तिथेच, न पेरता, घोळ, तांदुळजा, पाथरी आणि कुर्डू उगवतील. त्यांना तण म्हणून उपटणे म्हणजे फुकट आलेली भाजी फेकणे. मात्र घरातल्या जाणत्या बाईने ओळखल्याशिवाय कोणतीही रानभाजी चुलीवर चढवू नका.

वाणांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे मोठे देणे आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली परभणी क्रांती ही भेंडी देशभर पोचली, कारण पाने-शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला ती दाद देत नव्हती. आता अनेक ठिकाणी ती ताकद कमी पडू लागली आहे, पण ती संकरित नसल्याने तिचे बी घरी धरता येते, आणि कमी खर्चाच्या बागेला हेच हवे. चांगल्या झाडाच्या दोन शेंगा वाळू द्या, पुढच्या वर्षीचे बी झाले. भेंडी कापसाच्याच कुळातली आहे. आजूबाजूच्या शेतांतून पांढरी माशी आणि तुडतुडे तिच्यावर येतातच, म्हणून मृगालाच पेरून दसऱ्यापर्यंत ती आटोपावी. मावा दिसला तर साबणाच्या पातळ पाण्याने पाने खालून धुवा. जून-जुलैत कडुलिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या वाळवून ठेवल्या की लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी शिंपडता येते. वांग्याचा शेंडा मान टाकू लागला की तो कापून नष्ट करा, आत अळी असते. याहून जास्त उपचार मागणारे झाड उपटून टाकावे आणि तिथे दुसरे लावावे. बाग माणसासाठी आहे.

पाल्यात विंचू-साप येतील ही भीती मराठवाड्यात अगदी रास्त आहे, आणि तिची थट्टा कुणी करू नये. विंचू आसरा शोधतो तो दगड-विटांच्या, लाकडांच्या, पऱ्हाट्यांच्या ढिगात. चार इंचांच्या ओलसर, नेहमी हाताळल्या जाणाऱ्या थरात तो कमी राहतो. तरी वाफा भिंतीपासून दोन फूट दूर ठेवा, पऱ्हाट्यांचा साठा घराला लागून रचू नका, पाला हलवण्यापूर्वी काठीने उलथा, अंधारात चप्पल-बॅटरीशिवाय बागेत जाऊ नका. मुलांना उघड्या हाताने पाल्यात खेळू देऊ नका. आणि दंश झालाच तर उतारा-मंत्र यांत एक मिनिटही घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे प्रॅझोसिन या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी कमी झाले आहेत. रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचणे एवढेच महत्त्वाचे. वाळवीचे भय मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. ओलावा असेल तिथे ती बहुधा वाळला पालाच खाते. घराच्या लाकडी चौकटींपासून आच्छादन लांब ठेवले की पुरे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. हिवाळ्यात मेथीची जुडी बाजारात इतकी स्वस्त असते की घरी पिकवण्यात काय अर्थ? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे माणशी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या हव्यात, म्हणजे चौघांच्या घराला दीड किलोहून अधिक. एक-दोन वाफे एवढे देऊ शकत नाहीत, आणि तसे आश्वासन देणारे लोक फसवतात. सेंद्रिय पद्धतीत उत्पादन काही कमी येते हेही खरे. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या तुलनात्मक प्रयोगात २१ वर्षांच्या अखेरीस सेंद्रिय पिके सुमारे २० टक्क्यांनी मागे होती. पण अंगणातल्या बागेला बाजाराशी वजनात स्पर्धा करायचीच नाही. तिने द्यावे ते फवारणीविना वाढलेले, रोज लागणारे मूठभर: कढीपत्ता, कोथिंबीर, मिरची, अंबाडी, शेवग्याचा पाला. श्रावणात पाऊस लागला की याच भाज्यांचे भाव चढतात आणि पालेभाजी चिखलाने भरलेली येते, तेव्हा घरच्या वाफ्याची किंमत कळते. शिवाय आपण जे खातो त्यावर काय मारले आहे, हे ठाऊक असण्याचे समाधान पैशात मोजता येत नाही.

अंगण नसलेल्यांसाठी गच्चीबद्दल थोडेच सांगतो, कारण तिथला मुख्य प्रश्न वजनाचा आहे. ओली माती घनमीटरला दीड टनापेक्षा जड असते. चार फूट चौकोनाचा, फूटभर खोल वाफा सातशे किलोंच्या आसपास जातो, म्हणून तो स्लॅबच्या मधोमध कधीही नको. कुंड्या, जुने टब कडेने, तुळईच्या वर ठेवा आणि निम्म्याहून जास्त भाग पाला, उसाचे चिपाड, भुस्कट यांनी भरा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी चिपाडांचा असाच उपयोग करून गच्चीवर शेती करून दाखवली होती. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती आक्रसून कडेने सुटते आणि पाणी मुळांना न लागता तळातून निघून जाते.

सुरुवात करायची ती मे महिन्यात, गोळा करण्यापासून. भुस्कटाची तीन पोती, आठ-दहा पुठ्ठे आणि शेणखत सावलीत ठेवा. १८ मेला परभणीत विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला खरीप मेळावा भरतो आणि बियाण्याची विक्री सुरू होते, तिथून किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या माळकरी आजीकडून गावरान बी मिळवा. पहिल्या वर्षी दहा फुटांचा एकच वाफा करा, त्यापेक्षा मोठा नको. तो वर्षभर झाकलेला राहिला तरच दुसरा घाला.